नदीने सांभाळलेला पुरावा

जून २०२३ ची गोष्ट. जर्मनीच्या दक्षिण भागात म्युनिक नावाचे मोठे शहर आहे आणि त्या शहरातून इझार नदी वाहते. शहराच्या दक्षिणेला ग्रोसहेसेलोहे येथे नदीवरच्या जुन्या बंधाऱ्याची दुरुस्ती चालू होती. पाण्याखाली काही मीटर खोलीवर भरावाचे दगड उपसताना कामगारांना वेगळेच काही हाती लागले. कोरीव खांबांचे तुकडे निघाले, नक्षीचे दगड निघाले आणि हिब्रू अक्षरे कोरलेला एक शिलापट निघाला. म्युनिकच्या ज्यू वस्तुसंग्रहालयातील जाणकारांनी तो पाहिला आणि ओळखला. ज्यू धर्मातील दहा आज्ञांचा तो शिलापट होता. म्युनिकच्या मुख्य सिनेगॉगमधील तो शिलापट सिनेगॉग पाडल्यानंतर तब्बल पंच्याऐंशी वर्षांनी वर आला होता.

सिनेगॉग म्हणजे ज्यू लोकांचे प्रार्थनागृह. आपल्या मुंबईतही बेने इस्रायल बांधवांचे १७९६ सालचे सिनेगॉग मशीद बंदर भागात आहे. म्युनिकचे सिनेगॉग १८८७ साली बांधले गेले. जर्मनीतील मोठ्या सिनेगॉगमध्ये त्याची गणना होत असे आणि सुमारे अठराशे माणसे तेथे बसू शकत. अशा भव्य वास्तूचे दगड नदीच्या तळाशी गेले कसे? दगडांना पाय नसतात. कोणीतरी ते उचलून नेल्याखेरीज ते जागचे हलत नाहीत. त्या उचलणाऱ्या हातांचा माग काढत गेले की आपण एका बांधकाम कंपनीच्या दारात येऊन उभे राहतो. त्या कंपनीचे नाव लिओनहार्ड मोल.

या कंपनीची हकिकत आम्ही या पानावर मुद्दाम देत आहोत. हिटलरने ज्यूंचा छळ केला, साठ लाख ज्यू मारले, हे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण एकट्या हिटलरने हे कसे केले? भिंती कोणी पाडल्या, खड्डे कोणी खणले, सिमेंट कोणी पुरवले, माणसांची हजेरी कोणी मांडली, बिल कोणी लावले? पुस्तकांत या प्रश्नांना फारशी जागा नसते. आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांत गवंडीकाम, सेंट्रिंग, बिगारी या कामांवरच चूल पेटते. बांधकामाची जागा कशी चालते, मुकादमाच्या एका शब्दावर तेथे काय काय ठरते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ही हकिकत अधिक कळेल, असे आम्हाला वाटते.

एका रात्रीची मुदत

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला तेव्हा म्युनिकमध्ये सुमारे नऊ हजार ज्यू राहत होते. त्यांच्यात व्यापारी होते, डॉक्टर होते, वकील, शिक्षक आणि कारागीरही होते. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेले अनेकजण त्यांच्यात होते. एकेक कायदा करून त्यांच्या नोकऱ्या, धंदे आणि नागरिकत्वाचे हक्क काढून घेण्यात आले. त्यानंतर त्यांच्या सिनेगॉगची पाळी आली.

जून १९३८ च्या पहिल्या आठवड्यात हिटलर म्युनिकमध्ये आला होता. सिनेगॉगच्या शेजारीच कलावंतांची एक प्रसिद्ध इमारत होती. तेथे आलेल्या हिटलरच्या डोळ्यांत ज्यूंचे हे भव्य प्रार्थनागृह खुपले आणि ते पाडून टाकण्याचा हुकूम त्याने दिला. जुलै महिन्यात शहरात 'जर्मन कलादिन' नावाचा मोठा सोहळा होता, त्यापूर्वी जागा मोकळी झाली पाहिजे, असे ठरले. वाहतुकीची अडचण आणि मोटारी उभ्या करायला जागा हवी, हे कारण कागदावर दाखवण्यात आले.

ज्यू समाजाच्या पुढाऱ्यांना ८ जून रोजी कळवण्यात आले की उद्यापासून पाडकाम सुरू होईल. पन्नास वर्षांचे प्रार्थनागृह सोडायला त्यांना एक रात्र मिळाली. त्या संध्याकाळी लोक जमले, शेवटची प्रार्थना झाली, पवित्र ग्रंथांच्या गुंडाळ्या बाहेर काढण्यात आल्या. ९ जूनला पाडकाम सुरू झाले. काम लिओनहार्ड मोल कंपनीला मिळाले होते. त्या मोकळ्या जागेवर पुढे मोटारी उभ्या राहू लागल्या.

येथे एक तारीख ध्यानात ठेवावी. जर्मनीभर सिनेगॉग जाळली गेली, ज्यूंची दुकाने फोडली गेली, ती रात्र ९ नोव्हेंबर १९३८ ची. म्युनिकचे सिनेगॉग त्याच्या पाच महिने आधी पाडले गेले आणि तेव्हा गुंडांच्या टोळीची गरज पडली नाही. भर दिवसा, शहराच्या मध्यभागी, रीतसर हुकूम आणि रीतसर ठेका देऊन हे काम झाले. रस्त्यावरून जाणारे-येणारे पाहत होते. पाहणाऱ्यांना एखादी जुनी इमारत पाडावी तसेच ते दिसले असेल. जुलूम नेहमी आरडाओरडा करतच येतो असे नाही. कधी कधी तो अंगावर कामाचे कपडे घालून, हातात फावडे आणि खिशात ठेक्याचा कागद घेऊन येतो.

पाडलेल्या इमारतीचा चांगला दगड कोणताही ठेकेदार फुकट घालवत नाही. मोल कंपनीने सिनेगॉगचे दगड आपल्या आवारात नेऊन टाकले. ते तेथे पडून राहिले. दरम्यान दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि कंपनीला त्याहून कितीतरी मोठे काम मिळाले.

'द्राक्षमळा' नावाचा बंकर

१९४४ च्या आरंभी इंग्रज आणि अमेरिकन विमानांनी जर्मनीच्या विमान कारखान्यांवर जबर बॉम्बफेक केली. फेब्रुवारीतील एका आठवड्यात तर कारखान्यांमागून कारखाने उद्ध्वस्त झाले. तेव्हा हिटलरच्या सरकारने ठरवले की विमाने आता अशा जागी बनवायची जेथे बॉम्ब पोचणार नाही. जमिनीत अर्धे गाडलेले, काँक्रीटच्या कित्येक मीटर जाड कमानीखालचे कारखाने उभारायचे. मेसरश्मिट कंपनीचे नवे जेट विमान तेथे तयार करायचे.

म्युनिकच्या पश्चिमेला लँड्सबर्ग नावाचे एक गाव आहे. त्याच्या परिसरात असे तीन बंकर बांधायचे ठरले. त्यांना टोपणनावे मोठी गोड दिली होती. एकाचे नाव देवतेवरून 'डायना', दुसऱ्याचे 'अक्रोड', तिसऱ्याचे 'वाइनगुट', म्हणजे द्राक्षमळा. द्राक्षमळ्याचे काम लिओनहार्ड मोल कंपनीकडे आले. सगळ्या बांधकामावर देखरेख 'ऑर्गनायझेशन टोट' या सरकारी बांधकाम यंत्रणेची होती.

काम कसे होते ते आपल्या वाचकांना चटकन कळेल. आपल्याकडे स्लॅब टाकायचा तर आधी खाली टेकू आणि फळ्या लावून सेंट्रिंग करतात. एवढ्या अजस्र कमानीला सेंट्रिंग करायला लाकूड नव्हते आणि वेळही नव्हता. म्हणून खडीचा डोंगर रचून त्यालाच कमानीचा आकार दिला. त्या डोंगराच्या पाठीवर लोखंडी सळयांचे जाळे बांधले आणि वरून काँक्रीट ओतले. काँक्रीट घट्ट झाले की पोटातील खडी उपसून बाहेर काढायची, म्हणजे आत पोकळ दालन तयार. बंकरची लांबी चारशे मीटर धरलेली होती. काँक्रीट ओतायला सुरुवात झाली की मध्ये थांबता येत नाही, म्हणून दिवसपाळी आणि रात्रपाळी अखंड चालत. एकेक पाळी बारा तासांची.

एवढे हात आणायचे कोठून? जर्मन तरुण लढाईवर होते. इतर देशांतून धरून आणलेले लाखो मजूर आधीच कारखान्यांत आणि शेतांत राबत होते. तेव्हा छळछावण्यांतील ज्यूंकडे बोट दाखवण्यात आले. ज्या सरकारने जर्मनीतून एकूण एक ज्यू हाकलण्याची प्रतिज्ञा केली होती, तेच सरकार आता हजारो ज्यूंना पुन्हा जर्मनीत आणू लागले, कारण मजूर हवे होते.

जून १९४४ मध्ये ऑशवित्झहून हंगेरीतील सुमारे एक हजार ज्यू पुरुषांची पहिली गाडी तेथे आली. मागून लिथुएनियातील कोव्नो शहराच्या घेट्टोतील कुटुंबे आली. लँड्सबर्ग आणि काउफरिंगच्या आसपास एकूण अकरा छावण्या उभ्या राहिल्या. त्या सगळ्या डाखाऊ या मुख्य छळछावणीच्या शाखा होत्या. दहा महिन्यांत सुमारे तेवीस हजार माणसे तेथून गेली. त्यांत स्त्रिया होत्या, मुलेही होती. पुढे जगप्रसिद्ध झालेले व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल हेही या छावण्यांतील एक कैदी होते.

राहायला बराकीही नव्हत्या. जमिनीत खड्डा खणायचा, वर लाकडी छप्पर टाकायचे, छपरावर माती ओढायची. बाहेरून पाहिले तर थडग्यांच्या रांगा दिसाव्यात तशा त्या झोपड्या दिसत. पावसाचे आणि वितळत्या बर्फाचे पाणी आत शिरे. अंगावर उवा, पोटात पातळ सूप आणि पावाचा तुकडा. अशा माणसाने पहाटे उठून कामाच्या जागी जायचे आणि पन्नास किलोची सिमेंटची गोणी पाठीवर घेऊन धावायचे.

गोणी उचलणे म्हणजे काय हे ज्याने उचलली आहे त्यालाच कळते. भरपेट जेवलेला धडधाकट गडीही दिवसभर गोण्या वाहिल्या की संध्याकाळी पाठ टेकतो. येथे हाडांचा सापळा झालेली माणसे काठीचे फटके खात बारा तास गोण्या वाहत होती. सिमेंटची धूळ छातीत जाई. रिकामी कागदी गोणी थंडीपासून बचाव म्हणून कोणी अंगाखाली घालून घेतली आणि सापडली, तर त्याची शिक्षा वेगळी. ओल्या काँक्रीटमध्ये पडलेली माणसे वर आली नाहीत, असे वाचलेल्या कैद्यांनी नंतर सांगितले. कैद्यांच्या बोलण्यात त्या कामाच्या जागेला वेगळे नाव उरलेच नव्हते. 'आज मोलला जायचे आहे' एवढे म्हटले तरी माणसाच्या पोटात गोळा येई. कंपनीचे नाव असे भीतीचे नाव होऊन बसले होते.

माणसाचा रोजचा दर

आता थोडा हिशेब पाहू. छळछावणीचा कैदी कामाला लावला की त्याचे पैसे एसएस या हिटलरच्या सशस्त्र संघटनेला भरावे लागत. अकुशल कैद्याला दिवसाला चार मार्क, कुशल कैद्याला सहा मार्क असा दर ठरलेला होता. या चार मार्कांतील एक पैसाही राबणाऱ्या माणसाच्या हातात पडत नसे. तो पैसा सरकारजमा होई. काम करणारा उपाशी, त्याच्या घामाचा भाव मात्र वहीत नोंदलेला!

या हिशेबातच मरणाचे कारण दडलेले होते. गुलामांच्या बाजारात मालक गुलामाला पैसे मोजून विकत घेई, म्हणून तो मरू नये एवढी तरी काळजी घेई. येथे माणूस भाड्याचा होता. एक पडला तर उद्या दुसरा मिळणार. आजारी माणसाला जेवण घालणे म्हणजे नुकसान, अशी ही वहीची भाषा होती. १९४४ च्या सप्टेंबर आणि ऑक्टोबर महिन्यांत काउफरिंगच्या छावण्यांतून काम न करू शकणारे तेराशेहून अधिक कैदी पुन्हा ऑशवित्झला धाडण्यात आले. तेथे त्यांच्यासाठी विषारी वायूची कोठडी तयार होती.

कैद्यांवर पहारा एसएसचा होता हे खरे. पण कामाच्या जागेवर काम नेमून देणारे, वेग वाढवायला लावणारे, कोण चांगला राबतो आणि कोण नाही हे सांगणारे कंपनीचे इंजिनियर आणि मुकादमही होते. ते संध्याकाळी गणवेश उतरवून आपल्या घरी जात, मुलाबाळांसोबत जेवत. युद्धानंतर अनेक उद्योगपतींनी एकच पालुपद लावले. सरकारने कैदी दिले, आम्ही काय करणार? इतिहासकारांनी कागद धुंडाळले तेव्हा दिसले की पुष्कळ ठिकाणी कंपन्यांनी स्वतः अर्ज करून कैदी मागवले होते.

दहा महिन्यांत काउफरिंगच्या छावण्यांत सहा हजारांहून अधिक माणसे मेली. उपासमार, टायफस आणि अतिश्रम ही त्यांच्या मरणाची कारणे. आणि ज्या बंकरसाठी एवढे जीव गेले तो युद्ध संपेपर्यंत पुराही झाला नाही.

सात माता, सात बाळे

या अंधारातील एक गोष्ट आम्ही विशेषतः आमच्या भगिनींसाठी सांगतो. ऑशवित्झमध्ये गरोदर बाई सापडली की तिला सरळ मरणाकडे पाठवत. तरीही हंगेरीच्या सात तरुण ज्यू स्त्रिया पोटातले बाळ लपवत निरनिराळ्या छावण्यांतून जिवंत राहिल्या आणि शेवटी काउफरिंगच्या एका छावणीत एकत्र आल्या. डिसेंबर १९४४ ते फेब्रुवारी १९४५ या ऐन हिवाळ्यात त्या सातही जणी बाळंत झाल्या. बाळंतपण करणारा डॉक्टर हाही एक ज्यू कैदीच होता. त्याच्याजवळ ना धड औषधे होती ना अवजारे. ज्या छावणीत धट्टेकट्टे पुरुष दोन-तीन महिन्यांत मरत होते, तेथे या बायांनी आपली बाळे जगवली. एप्रिलच्या अखेरीस अमेरिकन सैन्याने डाखाऊची छावणी मुक्त केली तेव्हा सातही माता आणि सातही बाळे जिवंत होती. छावणीच्या कपड्यांतील त्या आया आणि त्यांच्या मांडीवरची ती तान्ही मुले यांचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. साऱ्या राज्ययंत्रणेने ज्यांचा जन्मच नाकारला होता, ती मुले मोठी झाली, त्यांचे संसार झाले.

सगळ्यांच्या नशिबी अशी सुटका नव्हती. अमेरिकन फौजा जवळ येताच चालू शकणाऱ्या कैद्यांना पायी हाकलत नेण्यात आले आणि वाटेत कित्येक पडले. आजाऱ्यांच्या छावणीतील झोपड्यांना एसएसने आग लावली. २७ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैनिक तेथे पोचले तेव्हा धूर अजून निघत होता आणि शेकडो प्रेते पडली होती. अमेरिकन अधिकाऱ्याने लँड्सबर्गच्या नागरिकांना तेथे आणले आणि त्यांच्याच हातांनी मृतांना मूठमाती द्यायला लावली. गावाजवळ अकरा छावण्या, रोज पहाटे रस्त्यावरून जाणारे कैद्यांचे तांडे, आणि तरी 'आम्हाला काहीच माहीत नव्हते' म्हणणारे लोक होतेच.

कोर्टात कोण उभे राहिले?

युद्धानंतर डाखाऊ येथेच अमेरिकन लष्करी न्यायालय बसले. १९४५ च्या खटल्यात चाळीसही आरोपी दोषी ठरले. त्यांत काउफरिंगच्या छावण्यांचे अधिकारीही होते. मे १९४६ मध्ये अठ्ठावीस जणांना फाशी झाली, ती लँड्सबर्गच्याच तुरुंगात. याच तुरुंगात १९२४ साली हिटलर कैदेत होता आणि तेथेच त्याने आपल्या द्वेषाच्या पुस्तकाचा पहिला भाग लिहिला. जेथून विष निघाले तेथेच ते परत आले.

पण ठेकेदारांचे काय? लँड्सबर्गसारखाच एक बंकर बव्हेरियातील म्युल्डॉर्फ येथे दुसरी एक कंपनी बांधत होती. १९४७ सालच्या म्युल्डॉर्फ खटल्यात त्या बांधकाम कंपनीच्या माणसांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. न्यूरेंबर्गला फ्लिक, आयजी फार्बेन आणि क्रुप या तीन बड्या उद्योगांच्या चालकांवर खटले चालले. बांधकाम कंपन्यांच्या मालकांवर मात्र तसा खटला झाला नाही. देश उद्ध्वस्त झालेला होता, घरे, पूल, रस्ते बांधायचे होते आणि बांधणारी यंत्रे व अनुभव याच कंपन्यांजवळ होता. कामे पुन्हा त्यांनाच मिळाली.

मोल कंपनीही कामे करत राहिली. सिनेगॉगचे दगड तिच्या आवारात पडूनच होते. १९५६ साली इझारच्या बंधाऱ्याला भरावाची गरज लागली. तेव्हा इतर पाडकामाच्या मलब्याबरोबर हे कोरीव दगडही नदीत टाकण्यात आले. हिटलर मरून अकरा वर्षे झाली होती. पवित्र अक्षरे कोरलेला तो शिलापट ज्यू समाजाला परत करावा, निदान विचारावे, असेही घडले नाही. १९३८ साली हुकूम होता असे म्हणता येईल. १९५६ साली कोणाचा हुकूम होता?

छळछावणीतील वेठबिगारांना जर्मन सरकार आणि उद्योगांनी मिळून भरपाई देण्याचा मोठा निर्णय २००० साली झाला. अमेरिकेतील न्यायालयांत दावे दाखल झाल्यावर आणि जगभर दबाव वाढल्यावरच हा निर्णय झाला, हेही सांगितले पाहिजे. दहा अब्ज मार्कांचा निधी उभा राहिला, अर्धा सरकारचा, अर्धा उद्योगांचा. २००१ ते २००७ या काळात सोळा लाखांहून अधिक माणसांना पैसे मिळाले. छळछावणीतून वाचलेल्याला जास्तीत जास्त पंधरा हजार मार्क, म्हणजे साडेसात हजार युरोंच्या वर थोडे. जर्मनीत युद्धकाळात वेठीला धरलेल्यांची संख्या एक कोटी तीस लाखांच्या घरात होती. पंचावन्न वर्षे लोटल्यावर त्यांतले किती उरले असतील याचा विचार वाचकांनीच करावा.

दुसरी वाट होती

'त्या काळी कोणाचाच इलाज नव्हता' असे कोणी म्हणेल, तर त्याला दोन माणसांची नावे सांगावीत.

पहिले नाव हेरमान ग्रेबे. हेही बांधकामातलेच. जर्मनीतील एका बांधकाम कंपनीचे व्यवस्थापक म्हणून १९४१ पासून ते युक्रेनमध्ये रेल्वेची कामे पाहत होते. त्यांच्या हाताखाली ज्यू मजूर होते. जुलै १९४२ मध्ये रोव्नो शहरातील ज्यू वस्ती संपवली जाणार असल्याची कुणकुण लागताच ग्रेबे यांनी अधिकाऱ्याकडून आपल्या मजुरांना हात लावू नये असे पत्र मिळवले आणि कत्तलीच्या रात्री स्वतः तेथे जाऊन आपल्या कामगारांना बाहेर काढले. पुढेही खोटी कामे दाखवून, खोटे कागद करून त्यांनी शेकडो लोकांना वाचवले. हजेरीपटावर जास्तीची नावे चढवणारे ठेकेदार आपण पुष्कळ पाहतो. या माणसाने ती युक्ती जीव वाचवायला वापरली.

ऑक्टोबर १९४२ मध्ये दुब्नो येथे खड्ड्याच्या काठावर कुटुंबेच्या कुटुंबे गोळ्या घालून मारली जाताना ग्रेबे यांनी डोळ्यांनी पाहिले. युद्ध संपल्यावर त्यांनी ते सर्व शपथेवर लिहून दिले आणि न्यूरेंबर्गच्या न्यायालयात ती साक्ष वाचली गेली तेव्हा जग हादरले. त्यांच्या देशबांधवांतील अनेकांनी मात्र त्यांचा रागच केला. शेवटी १९४८ साली ते कुटुंबासह अमेरिकेला गेले. १९६५ मध्ये इस्रायलने त्यांचा गौरव केला. १९८६ साली ते वारले. तोच धंदा, तोच देश, तीच वर्षे, आणि तरी हा माणूस वेगळा वागू शकला.

दुसरे नाव क्रेसेन्शिया हुमेल. ही एक साधी कष्टकरी बाई. म्युनिकच्या एका ज्यू मुलीच्या काकांकडे ती पूर्वी घरकाम करत असे. मुलीला छळछावणीत नेण्याची वेळ आली तेव्हा क्रेसेन्शियाने तिला आपल्या गावी लपवले आणि 'ही माझीच, लग्नाशिवाय झालेली मुलगी' असे लोकांना सांगितले. गावच्या लोकांनी नावे ठेवली, बोटे दाखवली. तिने सारी बदनामी सोसली आणि पोर वाचवले. ती मुलगी म्हणजे शार्लोट क्नोब्लोख. पुढे त्या म्युनिकच्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा झाल्या. १९३८ साली सिनेगॉग पाडले गेले तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. नदीतून दगड निघाले तेव्हा नव्वदी गाठलेल्या होत्या. त्या वास्तूतील काही शिल्लक असेल आणि आपल्याला ते पाहायला मिळेल, अशी अपेक्षाच नव्हती, असे त्यांनी सांगितले.

इंजिनियरजवळ निदान हुद्दा होता, शिक्का होता. घरकाम करणाऱ्या बाईजवळ काय होते? ना पैसा, ना ओळख, ना अधिकार. तरी जे बड्या कंपन्यांना जमले नाही ते तिला जमले. माणुसकी ही ऐपतीची गोष्ट नसते, याला यापेक्षा मोठा दाखला कोणता?

मुलांना काय सांगावे?

वाचक बंधू-भगिनींनो, ही हकिकत घरात मोठ्याने वाचावी अशी आमची विनंती आहे. मुले विचारतील, हिटलर वाईट होता म्हणून हे झाले का? त्यांना सांगावे की वाईट हुकूम देणारा एक असतो, पण हुकूम अमलात यायला हजारो हात लागतात. कोणीतरी नकाशा काढतो, कोणी गोण्या मोजतो, कोणी नावे लिहितो, कोणी बिलावर सही करतो. प्रत्येकाला वाटते आपण फक्त आपले काम केले. सगळ्यांची फक्त कामे एकत्र झाली की प्रार्थनागृह कोसळते आणि माणूस काँक्रीटखाली जातो.

आपली मुले उद्या शिकून सुपरवायझर होतील, इंजिनियर होतील, कारकून होतील, एखादा ठेकेही घेईल. तेव्हा त्यांच्या हातात हजेरीपट असेल. त्यातील प्रत्येक नावाला पाठ आहे, पोट आहे, घरी वाट पाहणारे कोणी आहे, एवढे त्यांच्या ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.

म्युनिकमध्ये ९ नोव्हेंबर २००६ रोजी, सिनेगॉग जाळल्याच्या त्याच तारखेला, नव्या सिनेगॉगचे दार उघडले. जुन्या सिनेगॉगच्या जागी १९६९ पासून एक स्मारकशिला उभी आहे. लँड्सबर्गजवळ कैद्यांच्या काही झोपड्यांचे अवशेष जपून ठेवले आहेत. द्राक्षमळ्याचा अर्धामुर्धा बंकर अजून तसाच उभा आहे. युद्धानंतर तो जर्मन लष्कराच्या ताब्यात गेला. ज्यांच्या हातांनी तो बांधला त्यांची नावे त्याच्या भिंतींवर नाहीत. पण वहीत दर लिहिलेला आहे, साक्षी नोंदलेल्या आहेत आणि नदीने दगड परत दिले आहेत.